दोन टाइम वैरण सोडली तर

"सहादेवरावांना ढेकर आला की नगरला न्यावं लागतं," हा विनोद देवळाली प्रवराजवळच्या त्या वस्तीच्या डेअरीवर वर्षभर टिकला. एवढं तर तिथलं दूधही टिकत नाही.

त्याचं झालं होतं असं. मागच्या वर्षी कुणाच्या तरी नवसाच्या कंदुरीचं मटण सहादेव जरा हात सैल सोडून जेवला आणि दुपारी त्याच्या छातीत जळजळायला लागलं. त्याची बायको सत्यशीला हिने मागचापुढचा विचार केला नाही. रस्त्याने चाललेला पिकअप थांबवला, नवऱ्याला पुढे कोंबला आणि थेट नगर गाठलं. तिथे छातीला वायरी चिकटवल्या, रक्त काढलं, सहा तास झोपवून ठेवलं आणि शेवटी डॉक्टर म्हणाले, "काहीच निघालं नाही. गॅस आहे. घरी जा." इकडे वस्तीवर बातमी पोचली होती की सहादेवला अटॅक आला. घराच्या दारात वीस-पंचवीस माणसं जमलेली, त्यातल्या दोन बाया तर रडायच्या तयारीनेच आलेल्या. त्या सगळ्यांच्या देखत सहादेव पिकअपमधून धडधाकट उतरला आणि नेमका तेव्हाच त्याला ढेकर आला.

बस. तेव्हापासून डेअरीवर कॅन टेकवला की कुणीतरी विचारणारच, "काय राव, आज ढेकर आला का? पिकअप काढू?"

चारचौघांत सहादेव हसण्यावारी न्यायचा. घरी आला की मात्र बायकोवर घसरायचा. "तुझ्या घाबरटपनापायी माझा गावात तमाशा झाला. कायच न्हाई निघालं, कायच!" सत्यशीला उलट बोलायची नाही. खरं सांगायचं तर त्या दिवशी डॉक्टर "काहीच निघालं नाही" म्हणाले, तेव्हा तिला दवाखान्याच्या फरशीवर बसकण मारून रडावंसं वाटलं होतं, आनंदाने. पण तो आनंद सांगायचा कुणाला? वर्षभर तेच तेच ऐकून तिलाही वाटायला लागलं की आपण आहोतच जरा घाबरट.

म्हणून यंदा, संक्रांत होऊन आठवडा झाला असताना सहादेवचं पोट दुखायला लागलं, तेव्हा तिने तोंडाला कुलूप घातलं.

त्या मंगळवारी दोघं शेवगावला गेली होती, निकिताच्या सासरी. निकिता ही त्यांची एकुलती एक लेक. व्याह्यांची ज्वारी हुरड्यात आलेली, त्यामुळे बोलावणं आलं होतं. शेकोटीशी बसून सगळ्यांनी गरमगरम हुरडा खाल्ला, बरोबर शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. सहादेवने व्याह्यांचा मान राखला, म्हणजे सगळ्यांपेक्षा दोन मुठी जास्त खाल्ला. संध्याकाळच्या धारेला घरी पोचेपर्यंत त्याच्या बेंबीभोवती दुखायला लागलं होतं.

"हुरडा बाधला," त्याने निकाल दिला. "जरा ओवा आन् काळं मीठ दे."

तिने दिलं. वर कोमट पाणी दिलं. रात्री त्याने ताटाला हात लावला नाही, ते तिने पाहिलं आणि ती काही बोलली नाही.

आता इथे सहादेवबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. माणूस अडाणी नव्हता. जनावराच्या बाबतीत तर तो अर्धा डॉक्टरच होता. गोठ्यात आठ संकरित गाई, आणि वस्तीवर कुणाची गाय अडली, कुणाची पान्हा चोरायला लागली, तर पहिला फोन सहादेवला. पण ही अक्कल त्याला फुकट मिळालेली नव्हती. चार वर्षांपूर्वी त्याच्याकडे मैना नावाची गाय होती, गोठ्यात सगळ्यात गुणी. तिला पोटात कळा सुरू झाल्या. दिवसभर पाय झाडत होती, हंबरत होती. सहादेवने घरचे उपाय केले, उद्या बघू म्हणाला. मग ती एकाएकी गप्प झाली. "उतार पडला बघ," असं म्हणून तो निवांत चहाला बसला, आणि चहा संपायच्या आत मैना आडवी झाली. जनावरांचे डॉक्टर परवेझ आले ते पंचनाम्यालाच आल्यासारखे. ते एवढंच म्हणाले, "भाऊ, तडफडणारं जनावर गप्प झालं म्हणजे बरं झालं असं नसतं. आतून काहीतरी फुटलं असंही असतं."

सहादेव त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी ट्रॉलीला मारून उरलेला लाल रंग घेतला आणि गोठ्याच्या भिंतीवर, गव्हाणीच्या वर, ढोबळ अक्षरांत चार ओळी लिहून काढल्या. पहिली, एक टाइम वैरण सोडली तर नजर ठेवा. दुसरी, दोन टाइम सोडली तर डॉक्टरला फोन. तिसरी, ताप असेल तर टाइम मोजू नका. आणि चौथी, कळा एकदम थांबून जनावर गप्प पडलं तर पळा. दूधवाल्यांच्या भाषेत टाइम म्हणजे धारेचं टाइम, सकाळचं एक आणि संध्याकाळचं एक. हा नियम त्याने इतका कडक पाळला की त्यानंतर त्याच्या गोठ्यातलं एकही जनावर दगावलं नाही. आजूबाजूचे लोक येऊन भिंतीचे फोटो काढून घेऊन गेले.

तर असा हा माणूस बुधवारी सकाळी उठला तो वाकूनच. दुखणं आता बेंबीपाशी नव्हतं, खाली उजव्या कुशीत जाऊन बसलं होतं. खोकला आला की तो कूस दाबून धरायचा. सत्यशीलेने पुढे चहा ठेवला तर त्याने मान फिरवली. सत्तावीस वर्षांच्या संसारात सहादेवने चहाला नाही म्हटलेलं तिने पाहिलं नव्हतं. सासरे वारले त्या दिवशीसुद्धा त्याने दोन कप घेतले होते.

"दवाखान्यात जाऊन येऊ का?" तिने शेवटी विचारलंच. जरा हळूच, कुणाकडून उसनं मागावं तसं.

"झालं का तुझं सुरू?" तो करवादला. "हुरड्यानं पोट धरलंय. हिंग लाव बेंबीवर. अन् डेअरीवर कुनाला बोलू नको, न्हाईतर परत पिकअप निघंल."

तिने हिंग लावला. सोडा दिला. धारा एकटीनेच काढल्या, दूध घातलं, आठ गाईंचं शेणपाणी उरकलं. येऊन बघते तर गोठ्यातल्या फडताळावरची पोटफुगीची बाटली जागेवर नव्हती. ती सापडली सहादेवच्या खाटेखाली. गाईचं पोट फुगलं की पाजतात ते औषध, त्यावर गाईचं चित्रसुद्धा होतं.

"ह्ये तुमी पिलात?"

"हिशोबानं घेतलंय," सहादेव डोळे मिटूनच म्हणाला. "गाईला शंभर मिली. गाय चारशे किलोची, मी सत्तर. काढ गनित."

सत्यशीलेला हसावं की कपाळ बडवून घ्यावं ते कळेना. तिने त्याच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ तापलं होतं. फार नाही, पण तापलं होतं. घशाशी आलेलं वाक्य तिने परत गिळलं. समजा याही खेपेला काही निघालं नाही तर? मग उरलेला जन्म ही दुसरी फेरी ऐकावी लागेल. आणि समजा निघालं तर? त्या "तर"च्या पुढे तिचं डोकं चालेना.

दुपारी सहादेवनेच फर्मावलं, "लंकाकाकूला बोलाव. बेंबी सरकली आसंल. ती बसवून दिल."

लंकाबाई म्हणजे सहादेवची चुलती, पलीकडच्या घरात राहणारी. वय सत्तरीच्या पुढे, पण बोटं अजून कामाची. सरकलेली बेंबी जागेवर आणण्यात पंचक्रोशीत तिचा हात कुणी धरला नसता. ती तेलाची वाटी घेऊन आली, खाटेशी बसली, लुगड्याचा काठ सावरला आणि सहादेवच्या बेंबीत बोट ठेवून डोळे मिटून घेतले. मग तळहात हळूहळू उजवीकडे सरकवला. सहादेव ओरडला. लंकाबाईने हात असा काढून घेतला जसा काही तव्याला लागला होता.

"शीले," ती सत्यशीलेकडे वळून म्हणाली, "ह्यी बेंबी न्हाई बाई. बेंबीचं पोट मऊ आसतं, ह्ये पाटावानी लागतंय. मी हात लावनार न्हाई. ज्येचं काम त्येनंच करावं." आणि तेलाच्या वाटीवर पदर धरून ती उठलीसुद्धा. दारातून मागे वळून म्हणाली, "चोळू बिळू नगंस."

"म्हातारी झाली ती आता," सहादेव मागून पुटपुटला.

लंकाकाकू हात लावायला नाही म्हणाली, हे सत्यशीलेने आजवर ऐकलं नव्हतं. आता बोलायचंच, चिडला तर चिडू दे, असं ठरवून ती खाटेकडे वळली, तर सहादेव तिच्याकडे बघून चक्क हसत होता.

"थांबलं बघ."

"काय थांबलं?"

"दुखायचं. एकदम थांबलं. तुज्या गळ्याशपथ." त्याने पाय लांब केले, हुश्श केलं. "काकूनं हात लावला आन् गुन आला. आन् तू निघाली व्हतीस मला नगरला घेऊन."

काय सांगावं, सत्यशीलेचा जीव भांड्यात पडला. तिचे खांदे आपोआप खाली आले. देव पावला, आणि आपण तोंड उघडलं नाही ते किती बरं झालं, असंही तिच्या मनात आलं. सहादेवने डोळे मिटले. तिने त्याच्या अंगावर चादर घातली आणि गाईंना पाणी दाखवायला ती गोठ्यात गेली. तीन वाजले असतील.

पाण्याच्या टाकीचा कॉक सोडून ती गव्हाणीशी टेकली. सकाळपासून पहिल्यांदाच तिला क्षणभर बसायला मिळालं होतं. गाई निवांत रवंथ करत होत्या. तिची नजर सहज वर गेली आणि भिंतीवरच्या लाल अक्षरांवर पडली. रोज दिसणारी भिंत, आपण काही रोज वाचत नाही. आज तिने वाचली. एक टाइम सोडली तर. काल रात्रीचं टाइम सोडलं. दोन टाइम सोडली तर. सकाळचा चहा, भाकरी, काही नाही. ताप असेल तर टाइम मोजू नका. कपाळ. तिचा हात स्वतःच्याच तोंडावर गेला.

चौथी ओळ वाचायची तिला गरज पडली नाही. तिला मैना आठवली. तो चहाही आठवला, तिनेच तर करून दिला होता.

ती पळत ओसरीवर आली. सहादेव तसाच पडून होता, चेहरा मेणासारखा पिवळट, ओठ कोरडे. "अहो, उठा, आपन दवाखान्यात—"

"परत?" तो डोळे न उघडता म्हणाला. "आता तर दुखत बी न्हाई. येडी का खुळी तू? मी हितनं हलनार न्हाई."

सत्तर किलोचा माणूस. हलणार नाही म्हणाला तर तिने हलवायचा कसा? भांडत बसायला वेळ नव्हता. तिने मोबाईल काढला. बोट आपोआप त्याच नंबरावर गेलं, ज्याच्यावर ते महिन्यातून चार वेळा जायचं. परवेझ डॉक्टर.

"कुनाला लावतीस फोन?" सहादेवने विचारलं. "अँब्युलन्स बोलावलीस तर बघ."

"परवेझ डॉक्टरला," ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य तिच्या तोंडून कसं निघालं ते तिचं तिलाही कळलं नाही. "एक जनावर खात न्हाई."

सहादेवचे डोळे खाडकन उघडले. "कोन्तं? मला सकाळपास्नं सांगितलं का न्हाई?"

"ऐका आता," म्हणत तिने फोन स्पीकरवर टाकला.

"बोला वहिनी," परवेझ डॉक्टर म्हणाले. मागे कुठेतरी एक वासरू ओरडत होतं.

"डॉक्टर, एक जनावर हाय. काल संध्याकाळपास्नं त्येनं वैरन सोडली."

"म्हणजे दोन टाइम झाले. ताप?"

"हाय."

"शेण टाकलं?"

"न्हाई. काल रातीपास्नं कळा येत व्हत्या. आदी पोटाच्या मधोमध, मंग उजव्या कुशीत. पोट घट झालंय, हात लावू देत न्हाई." तिने एकदा खाटेकडे बघितलं. "आन् डॉक्टर, आत्ता दुपारी कळा एकदम थांबल्या. आता गप पडून हाय."

मग डॉक्टर म्हणाले, "भाऊ आहेत का तिथं? भाऊ, तुम्ही बघितलं का? तुमचं काय म्हणणं?"

सहादेव कोपरावर उठून बसला होता. जनावराचं नाव निघालं की त्याला स्वतःच्या कुशीचाही विसर पडायचा. "म्हननं काय आसनार डॉक्टर!" तो तिथूनच ओरडला. "दोन टाइम सोडलंय, ताप हाय, आन् वरनं गप झालंय म्हन्त्यात! ही बाई सकाळपास्नं काय करत व्हती कुनास ठावं. आता येळ घालवू नका. तुमी निघाच. मैनेवानी व्हायला नगं."

"अगदी बरोबर बोललात," डॉक्टर म्हणाले. "असं जनावर एक मिनिट घरी ठेवायचं नाही. वहिनी, कोणती गाय?"

सत्यशीलेने नवऱ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते पुसायचं तिला सुचलं नाही.

"गाय न्हाई डॉक्टर," ती म्हणाली. "ह्ये हायेत."

सहादेवचं तोंड उघडं होतं ते तसंच राहिलं. मग फोनमधून डॉक्टरांचा आवाज आला, आता निराळाच, घाईचा. "वहिनी, माणसाचा इलाज मला करता येत नाही आणि मी करणारही नाही. पण गाडी माझ्याकडे आहे, दहा मिनिटांत पोचतो. तोवर काही खायला द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. पोट चोळायचं नाही. आणि भाऊ, तुमचा निकाल तुम्हीच दिलाय. आता वाद घालू नका."

सहादेवने वाद घातला नाही. त्याने उशाचा शर्ट ओढून घेतला आणि बटणं लावता लावता एवढंच म्हणाला, "चौथी ओळ."

"व्हय," ती म्हणाली. "चौथीच."

लंकाबाईची सून मोनिका संध्याकाळच्या धारांचं बघते म्हणाली. डॉक्टरांची गाडी आली. आत सगळा औषधांचा आणि गोठ्याचा वास. राहुरीच्या रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर, एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या, आणि पावलापावलावर गतिरोधक. प्रत्येक गतिरोधकाला सहादेव बायकोचा हात आवळायचा. दुखणं परत आलं होतं, आता सगळ्या पोटभर. सत्यशीला गतिरोधक मोजत राहिली, कारण दुसरं काही मोजायचं म्हटलं की तिला मैनेच्या चहाचे घोट आठवायचे.

दवाखान्यातल्या सर्जन बाई वयाने लहान होत्या, पण त्यांनी पोटावर बोटं ठेवली मात्र, लगेच नर्सला काहीतरी सांगितलं आणि ती पळाली. सोनोग्राफी झाली. अपेंडिक्स. फुटलेलं. "लगेच ऑपरेशनला घ्यावं लागेल," बाई म्हणाल्या. मग लिहायला कागद ओढून त्यांनी विचारलं, "घरी काय काय घेतलंत? सगळं सांगा, लपवू नका."

"ओवा," सहादेव म्हणाला. "काळं मीठ. सोडा. बेंबीवर हिंग." तो थांबला. "आन् जरा पोटफुगीचं."

"कुठलं?"

सहादेवने परवेझ डॉक्टरांकडे बघितलं. परवेझ डॉक्टरांनी छताकडे बघितलं.

"गाईचं," सत्यशीला म्हणाली आणि तिने पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. निघताना तिने ती आठवणीने बरोबर घेतली होती. बाईंनी बाटलीवरचं चित्र पाहिलं, मागचं बारीक अक्षर वाचलं, परवेझ डॉक्टरांना दोन प्रश्न विचारले आणि चेहऱ्यावरची रेषही हलू न देता ते सगळं कागदावर उतरवून घेतलं.

त्यानंतरचे दोन तास सत्यशीला बाकावर बसून होती. तिने कुठला नवस बोलला नाही, तिला नवसाचे शब्दच सापडेनात. तिच्या डोक्यात सारखं एकच. सकाळी चहाला मान फिरवली तेव्हाच मी का बोलले नाही? लोक हसतील म्हणून? हसू दे की लोकांना. हसणाऱ्या लोकांपायी मी नवरा घालवून बसले असते. परवेझ डॉक्टर निघून गेले नाहीत. त्यांनी चहा आणून तिच्या हातात दिला आणि शेजारी बसून आल्यागेल्या फोनवर कुणाकुणाच्या गाईंना औषधं सांगत राहिले. त्या गाईंच्या कहाण्या ऐकून तिला जरा धीर आला.

सर्जन बाई बाहेर आल्या, डोक्यावरची टोपी काढत. "झालं. व्यवस्थित झालं."

सत्यशीलेने नुसते हात जोडले.

"पू पसरायला नुकती सुरुवात झाली होती," बाई म्हणाल्या. "धुऊन काढलं सगळं. चार-पाच दिवस राहावं लागेल, पण धोका टळला. पुष्कळ लोक इथेच फसतात. दुखायचं थांबलं की बरं वाटलं म्हणून घरी झोपतात आणि दुसऱ्या दिवशी येतात. तुम्ही दुखणं थांबल्यावरही आणलंत. कुणी सांगितलं तुम्हाला?"

"भिंतीवर लिवल्यालं व्हतं," सत्यशीला म्हणाली. बाईंना ते कळलं नाही, आणि समजावून सांगायचं त्राण तिच्यात नव्हतं. पण वर्षभर आत सलणारं एक मात्र तिने विचारून टाकलं. मागच्या वर्षीची सगळी हकीगत सांगितली, पिकअप, वायरी, ढेकर. "ती फेरी उगाच झाली का हो बाई?"

"उगाच?" बाईंच्या कपाळाला आठी पडली. "त्या वयाच्या माणसाच्या छातीत जळजळतंय म्हटल्यावर आणायलाच हवं होतं. काही निघालं नाही हे घरी बसून कसं कळलं असतं? तुम्ही दोन्ही वेळा बरोबर होतात."

सत्यशीला तेव्हा रडली. बसकण मारून, पदर तोंडाला लावून, मनसोक्त. वर्षभर मागे राहिलेलं ते रडं होतं.

सहाव्या दिवशी सहादेव घरी आला. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली, आणि गाईच्या बाटलीची गोष्ट तर त्याच्या आधीच वस्तीवर पोचली होती. लोकांनी हसून घेतलं. सहादेव टाके धरून त्यांच्यात हसला. लंकाबाई येऊन बसली तेव्हा मात्र त्याने तिचे पाय धरायला वाकायचा प्रयत्न केला, आणि तिने "टाकं तुटत्याल मुडद्या!" म्हणून त्याच्या पाठीत धपाटा घातला.

आता घरातलं आणि गोठ्यातलं सगळं सत्यशीलेवर आलं. मोनिका हाताखाली होती, तरी आठ गाई आणि एक रुग्ण म्हणजे थोडं नव्हे. तीन-चार दिवस गेले. एका संध्याकाळी तिचं अंग मोडून आलं. भाकरी नको वाटली, तिने ती झाकून ठेवली आणि पडून राहिली. सकाळी धारा काढल्या. चहा घेतला, तोही निम्मा ओतून दिला. न्याहारीची भाकरी ती परत टोपलीत ठेवत होती, तेवढ्यात दारात सहादेव उभा. एक हात टाक्यांवर, दुसऱ्या हातात तिच्या चपला.

"घाल."

"कशाला?"

"काल राती एक टाइम. आत्ता दुसरं टाइम. मला काय दिसत न्हाई का?" त्याने चपला तिच्यापुढे टाकल्या आणि हाताची पालथी बाजू तिच्या कपाळाला लावली. "आन् ह्यो ताप."

"अवो, नुसती दगदग झालीय. पडलं की उतरंल," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला स्वतःचं हसू आलं, कारण हा आवाज तिचा नव्हता, त्याचाच होता. तिने मुकाट्याने चपला घातल्या.

देवळालीच्या डॉक्टरांनी तपासलं, रक्त घेतलं, दुपारपर्यंत थांबवून ठेवलं. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "काही नाही. साधा ताप आहे. गोळ्या घ्या, आराम करा, दोन दिवसांत कमी नाही वाटलं तर परत या." परत येताना रिक्षात सहादेव एक शब्द बोलला नाही. तो चिडला असावा, असं तिला वाटलं. एवढं टाके सांभाळत आणलं आणि शेवटी निघालं काय, साधा ताप.

दोन दिवसांनी तिला बरं वाटलं. संध्याकाळचं दूध घालायला ती निघाली तर सहादेवही हळूहळू चालत बरोबर आला, आजारपणानंतर पहिल्यांदाच. डेअरीवर नेहमीची मंडळी होती. कुणी काही विचारायच्या आत सहादेवनेच तोंड उघडलं.

"परवा हिला दवाखान्यात नेल्ती."

दूध मोजणाऱ्याचा हात थांबला. "आरं बापरे. मंग?"

"रगत तपासलं, सगळं तपासलं." सहादेवने सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली, आणि गाय व्याली, कालवड झाली हे सांगताना त्याचा चेहरा जसा व्हायचा, तसा झाला. "कायच निघालं न्हाई!"

त्यावर कुणाला विनोद सुचला नाही. सत्यशीलेने रिकामा कॅन उचलला, नवऱ्याच्या चालीने चालत घरी आली, आणि त्या रात्री तिने दोन भाकरी खाल्ल्या.